टर्बो गाडीतला वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर: निवडावा कोणता, बसवावा कुठे, वाचावा कसा

२०२५ च्या ऑगस्टमध्ये ई-२० पेट्रोलवरून, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवरून, देशभर चर्चा पेटली. ॲव्हरेज घटते का, जुन्या गाड्यांचे रबरी भाग टिकतील का, असे प्रश्न घरोघरी विचारले गेले. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या धोरणाविरुद्धची जनहित याचिका फेटाळल्यानंतरही ते थांबले नाहीत. या चर्चेत टर्बो पेट्रोल गाडीवाल्यांची काळजी थोडी निराळी होती, आणि त्यातही ज्यांनी गाडीचा रीमॅप करून घेतला आहे, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकातील (ईसीयूतील) आकडे बदलून ताकद वाढवून घेतली आहे, त्यांची अधिक. रीमॅप केला तेव्हा पंपावर मिळणारे पेट्रोल वेगळे होते, आता मिळते ते वेगळे आहे; मग पूर्ण ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाला पुरेसे इंधन मिळते आहे की नाही?

या प्रश्नाचे उत्तर अंदाजाने किंवा इंजिनाच्या आवाजावरून देता येत नाही. ते एका उपकरणाकडे आहे. त्याचे नाव वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर. बाजारात तो सहज मिळतो आणि कोणती कंपनी चांगली यावर तासन् तास वाद घालणारेही भरपूर भेटतात. तो कुठे आणि कसा बसवला, याची चौकशी मात्र फारच थोडे करतात, आणि माझ्या मते आकड्याचा खरेपणा कंपनीपेक्षा त्यावरच जास्त अवलंबून असतो.

हवा, पेट्रोल आणि लॅम्बडा

शुद्ध पेट्रोल पूर्णपणे जळायला ठरावीक हवा लागते: १ किलो पेट्रोलला सुमारे १४.७ किलो. इतकीच हवा दिली तर जळून झाल्यावर ना पेट्रोल उरते, ना ऑक्सिजन. या स्थितीला लॅम्बडा १ म्हणतात. प्रत्यक्षात दिलेल्या हवेला गरजेच्या हवेने भागले की लॅम्बडा मिळतो. तो १ पेक्षा जास्त असेल तर हवा जास्त आणि पेट्रोल कमी आहे; मेकॅनिकच्या भाषेत मिश्रण ‘लीन’ आहे. १ पेक्षा कमी असेल तर पेट्रोल जास्त आहे, म्हणजे मिश्रण ‘रिच’ आहे.

लॅम्बडा हा शब्द अनोळखी वाटत असला, तरी तो आपल्या हातात अनेकदा येऊन गेलेला असतो. पेट्रोल मोटारीच्या पीयूसी प्रमाणपत्रात हाय आयडलिंगच्या ओळीत लॅम्बडाचा रकाना असतो आणि त्यापुढे १ ± ०.०३ ही मर्यादा छापलेली असते. इंजिन २,५०० आरपीएमच्या आसपास धरून तपासणी यंत्र जे मोजते ते हेच.

मिश्रण लॅम्बडा १ वर राखण्याचे कारण कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहे. एक्झॉस्टच्या नळीतील हा जाळीदार भाग (पुढे त्याला नुसते कॅट म्हणू) विषारी वायू निरुपद्रवी करतो, पण मिश्रण लॅम्बडा १ च्या अगदी जवळ असेल तेव्हाच तो तिन्ही प्रमुख प्रदूषकांवर एकाच वेळी नीट काम करतो.

टर्बोला जास्त पेट्रोल का लागते

टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या वायूच्या जोरावर फिरून इंजिनात हवा कोंबणारा पंखा. त्यामुळे सिलिंडरमधला दाब आणि उष्णता दोन्ही वाढतात आणि ठिणगीने पेटलेली ज्योत पोहोचण्याआधीच मिश्रणाचा काही भाग आपोआप भडकण्याची शक्यता निर्माण होते. त्यालाच नॉकिंग म्हणतात. जोरदार नॉकिंग थोडा वेळ जरी चालले, तरी पिस्टनच्या रिंगांमधली जागा तुटू शकते. म्हणून पूर्ण बूस्टवर, म्हणजे टर्बोचा दाब पूर्ण चढलेला असताना, मुद्दाम जास्त पेट्रोल दिले जाते. त्याची वाफ होताना ते उष्णता शोषते आणि त्यामुळे सिलिंडर व टर्बाइन (टर्बोमधले एक्झॉस्टने फिरणारे चक्र) दोन्ही थंड राहतात. पेट्रोल टर्बो इंजिनांमध्ये पूर्ण भारावर लॅम्बडा साधारण ०.७८ ते ०.८५ च्या दरम्यान ठेवण्याची पद्धत आहे. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या नव्या इंजिनांना यापेक्षा कमी रिच मिश्रणही चालते.

टर्बो नसलेल्या इंजिनात ०.८६ च्या जागी ०.९२ झाले तर फार तर ताकदीत थोडा फरक पडेल. टर्बोमध्ये तेवढ्याच फरकाने इंजिन सुरक्षित स्थितीतून धोक्याच्या स्थितीत जाऊ शकते, आणि चालवणाऱ्याला त्या क्षणी काहीही जाणवत नाही; उलट मिश्रण किंचित लीन झाल्यावर गाडी जास्त चपळ वाटण्याचा संभव असतो.

नॉक सेन्सर असतोच की, असे यावर कोणी म्हणेल. तो असतो आणि त्याचे काम मोलाचे आहे, पण नॉकिंग सुरू झाल्याचा आवाज ऐकल्यावरच तो ठिणगी मागे घेतो. मिश्रण का बिघडले हे तो सांगत नाही.

गाडीत ऑक्सिजन सेन्सर असताना दुसरा कशाला?

प्रत्येक आधुनिक पेट्रोल गाडीत ऑक्सिजन सेन्सर असतो. बॉश कंपनीने तयार केलेला पहिला लॅम्बडा सेन्सर १९७६ मध्ये अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या व्होल्वो गाड्यांत आला. त्या सेन्सरमध्ये झिर्कोनियाची चिनी मातीसारखी कांडी असते. तापल्यावर या पदार्थातून ऑक्सिजनचे विद्युतभारित कण सरकू शकतात. कांडीच्या एका बाजूला बाहेरची हवा आणि दुसऱ्या बाजूला एक्झॉस्टचा वायू असला, की दोन्हीकडच्या ऑक्सिजनमधल्या फरकानुसार व्होल्टेज तयार होते. मिश्रण रिच असेल तर सुमारे ०.८ ते ०.९ व्होल्ट, लीन असेल तर सुमारे ०.१ व्होल्ट. यांच्यामधली उडी लॅम्बडा १ पाशी जवळजवळ उभी असते. त्यामुळे हा सेन्सर मिश्रण लॅम्बडा १ च्या अलीकडे आहे की पलीकडे, एवढेच खात्रीने सांगतो. याला नॅरोबँड म्हणतात. लॅम्बडा ०.८० आहे की ०.८८, हे त्याच्याकडून विश्वासाने कळत नाही, आणि टर्बोवाल्याला नेमके तेच हवे असते.

वाइडबँडमध्ये हीच झिर्कोनिया आणखी एका युक्तीने वापरली आहे. सेन्सरच्या आत एक अतिशय लहान पोकळी असते आणि एक्झॉस्टचा वायू बारीक छिद्रातून तिच्यात झिरपतो. त्या पोकळीला लागून दोन पेशी असतात: एक आतल्या ऑक्सिजनची पातळी पाहते, दुसरी विजेच्या जोरावर ऑक्सिजन आत ढकलते किंवा बाहेर काढते. कल्पना करा की एका हौदातील पाणी ठरलेल्या खुणेवरच राहिले पाहिजे असे काम कोणावर सोपवले आहे. पाणी वाढले की तो घागरीने उपसतो, कमी झाले की ओततो. दिवसअखेर त्याने किती घागरी ओतल्या किंवा उपसल्या हे मोजले, की हौदात किती पाणी येत होते किंवा जात होते ते अचूक कळते. वाइडबँडमध्ये घागरींच्या जागी विजेचा प्रवाह मोजतात. मिश्रण लीन असेल तर पोकळीतला जादा ऑक्सिजन बाहेर काढावा लागतो. रिच असेल तर अर्धवट जळालेले कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन जाळण्यासाठी ऑक्सिजन आत आणावा लागतो. प्रवाहाची दिशा आणि मात्रा यांवरून लॅम्बडा ०.६५ पासून थेट मोकळ्या हवेपर्यंत मोजता येतो.

हे काम ठरलेल्या तापमानालाच नीट होते. बॉशच्या एलएसयू ४.९ या सेन्सरसाठी ते सुमारे ७८० अंश सेल्सिअस आहे. म्हणून सेन्सरमध्ये हीटर असतो आणि त्याचे तापमान सतत सांभाळणारी एक वेगळी पेटी, म्हणजे कंट्रोलर, लागते.

आता महत्त्वाची अट. भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाले, आणि थेट इंजेक्शनच्या अनेक टर्बो गाड्यांत कॅटच्या पुढचा सेन्सर कारखान्यातूनच वाइडबँड असतो. ओबीडी सॉकेटला, म्हणजे गाडीची संगणकीय तपासणी करण्याच्या सॉकेटला, चांगला स्कॅनर लावून त्यात सेन्सरचा लॅम्बडा आणि ईसीयूने मागितलेला लॅम्बडा असे दोन रकाने दिसले, तर नवा सेन्सर विकत घेण्याआधी तेच आकडे नोंदवून पाहावेत. बऱ्याच जणांची गरज तिथेच भागते. ज्यांच्या गाडीत नॅरोबँड आहे, ज्यांनी टर्बो किंवा इंजेक्टर बदलले आहेत किंवा वेगळा ईसीयू बसवला आहे, त्यांना स्वतंत्र वाइडबँडला पर्याय नाही. इथे सगळे पेट्रोल गाडीबद्दल लिहिले आहे. डिझेल टर्बो कायम लीन चालते, त्यामुळे तिचे गणित निराळे असते.

ई-२० आणि १४.७ चा घोळ

इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असल्यामुळे त्याला जळायला हवा कमी लागते: किलोला सुमारे ९ किलो. म्हणून ई-१० चे योग्य प्रमाण साधारण १४.१ आणि ई-२० चे साधारण १३.५ येते. त्याच हवेसाठी ई-१० पेक्षा ई-२० चे सुमारे ४ टक्के जास्त इंधन द्यावे लागते, असा याचा अर्थ.

हळू गाडी चालवताना ऑक्सिजन सेन्सरच्या उत्तरावरून ईसीयू इंधन वाढवत-घटवत असतो, त्यामुळे हा फरक आपोआप भरून निघतो. पूर्ण बूस्टवर नॅरोबँडचे उत्तर उपयोगाचे नसते आणि ईसीयू साठवलेल्या आकड्यांवर चालतो. हळू चालताना शिकलेली दुरुस्ती अनेक ईसीयू पूर्ण भारावरही लावतात. जिथे ती लावली जात नाही, तिथे ई-१० वर ०.८२ ठरवलेला लॅम्बडा ई-२० वर ०.८५ च्या आसपास जातो. इथेनॉलचा ऑक्टेन, म्हणजे नॉकिंगला विरोध करण्याची क्षमता, जास्त असतो आणि वाफ होताना ते जास्त उष्णता शोषते, त्यामुळे नॉकिंगचा धोका त्याच प्रमाणात वाढतो असे नाही. पण रीमॅप आधीच काठावर केलेला असेल तर तो काठ कुठे आहे हे माहीत असलेले बरे. पुण्याजवळच्या रांजणगावात बनलेली फियाटची १.४ टी-जेट इंजिनाची अबार्थ पुंटो २०१५ मध्ये आली. तिच्यासारख्या गाड्या ई-२० च्या आधीच्या आहेत आणि त्यांतील बऱ्याच आज रीमॅप करून चालवल्या जातात. हा प्रश्न सर्वात जास्त अशाच गाड्यांचा आहे.

घोळ होतो तो मीटरच्या तबकडीवर. सेन्सर लॅम्बडा मोजतो. टाकीत कोणते इंधन आहे हे त्याला माहीत नसते. बहुतेक मीटर लॅम्बडाला १४.७ ने गुणून हवा-इंधन प्रमाण दाखवतात. त्यामुळे ई-२० वर खरे प्रमाण १३.५ असतानाही मीटर १४.७ दाखवतो, आणि ‘ई-२० चे प्रमाण १३.५ असते’ असे कुठेतरी वाचलेला माणूस गाडी लीन आहे असे समजून इंधन वाढवायला जातो. हे टाळण्याचा सोपा उपाय आहे: मीटर लॅम्बडावर ठेवावा. लॅम्बडा १ म्हणजे कोणत्याही इंधनावर लॅम्बडा १ च, आणि ०.८२ म्हणजे गरजेच्या ८२ टक्के हवा. पेट्रोल पंपावर पुढे काय मिळेल त्यानुसार हे आकडे बदलणार नाहीत.

कोणता घ्यावा

खरेदी दोन वस्तूंची असते, सेन्सर आणि कंट्रोलर. सेन्सर बहुतेक वेळा बॉशचाच असतो, मग पेटीवर नाव कोणाचेही असो. जुना एलएसयू ४.२ तुलनेसाठी बाहेरची हवा घेत असे, त्यामुळे सेन्सरच्या मागच्या बाजूला तेलाची वाफ किंवा धूर पोहोचला की त्याचे उत्तर बिघडत असे. एलएसयू ४.९ तुलनेसाठीचा ऑक्सिजन स्वतःच तयार करून घेतो, म्हणून तो अधिक स्थिर राहतो. आज नवा संच घेताना ४.९ किंवा त्याच्या पुढचा प्रकारच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन्ही प्रकार दिसायला सारखे असले तरी एकाचा कंट्रोलर दुसऱ्याला चालत नाही.

एक बारकावा कनेक्टरमध्ये दडलेला असतो. कारखान्यात प्रत्येक सेन्सर तपासून त्याच्या कनेक्टरमध्ये जुळवणीचा एक छोटा रेझिस्टर बसवतात आणि त्यावरून कंट्रोलरला त्या विशिष्ट सेन्सरची ओळख पटते. वायर लांब पडते म्हणून कनेक्टर कापून वायर जोडली, तर ती जुळवणीच फेकून दिली जाते. वायर वाढवायची असेल तर कनेक्टरच्या पलीकडून, म्हणजे कंट्रोलरच्या बाजूने, आणि तीही उत्पादकाच्या तयार केबलने वाढवावी.

कंट्रोलर निवडताना काही गोष्टी पाहाव्यात. तो कोणत्या सेन्सरसाठी आहे, लॅम्बडा दाखवतो का, आकडे नोंदवण्यासाठी बाहेर कसे देतो. एईएम, इनोव्हेट अशा नामांकित कंपन्यांचे गोल मीटरवाले संच लोकप्रिय आहेत. काही कंट्रोलर मोकळ्या हवेत सेन्सर धरून जुळवणी करायला सांगतात, काहींना त्याची गरज नसते. सोबतच्या पुस्तिकेत जे लिहिले असेल तेच करावे. फार स्वस्तात मिळणाऱ्या ‘बॉश’ सेन्सरपासून दूर राहावे. नकली सेन्सर आकडा दाखवतो, फक्त तो आकडा कशाचा आहे हे कोणालाच सांगता येत नाही, आणि टर्बो गाडीत चुकीचा आकडा आकडा नसण्यापेक्षा घातक ठरतो.

कुठे बसवावा

फॅब्रिकेटरला नेमके काय सांगायचे हे गाडी नेण्याआधीच ठरवावे, कारण नळीला पडलेले भोक पुन्हा हलवता येत नाही. जागा टर्बोच्या नंतर आणि कॅटच्या आधी, डाउनपाइपमध्ये, म्हणजे टर्बोतून खाली उतरणाऱ्या नळीत असावी. शक्य तिथे टर्बोच्या तोंडापासून ६० ते ९० सेंमी अंतर ठेवावे. अंतर उष्णतेसाठी आहे. एलएसयू ४.९ ला सतत ९३० अंशांपेक्षा जास्त गरम वायू मानवत नाही, आणि पान्याने पकडायच्या सहा पैलूंच्या भागाचे तापमान ६०० अंशांच्या आत राहायला हवे. टर्बोला खेटून बसवलेला सेन्सर ‘जास्त तापलो’ अशी तक्रार देऊन बंद पडतो किंवा काही महिन्यांत मरतो.

दुसरी अट कोनाची. थंड इंजिन सुरू केल्यावर एक्झॉस्टच्या नळीत पाणी जमते; पावसाळ्यात सकाळी सायलेन्सरच्या टोकातून ठिबकणारे पाणी सगळ्यांनी पाहिले असेल. सेन्सरची आतली कांडी तेव्हा तापून लाल होऊ लागलेली असते, आणि तिच्यावर पाण्याचा एक थेंब उडाला तरी तिला बारीक तडा जातो. म्हणून सेन्सर नळीच्या वरच्या अर्ध्या भागात, टोक खाली करून, आडव्या रेषेपासून निदान १० अंश वर उचललेला असावा. नळीच्या खालच्या बाजूला, जमिनीकडून वर तोंड करून, तो कधीही बसवू नये. दोन नळ्यांच्या जोडातला सगळ्यात खोलगट भागही टाळावा, कारण पाणी तिथेच साचते.

वेल्डिंग करताना सेन्सर जागेवर नको. नळीला १८ मिमी व्यासाचा, १.५ मिमी आट्यांचा नट वेल्ड करतात. त्याला बाजारात ‘बंग’ म्हणतात. बंगमध्ये आट्यांचे बूच घट्ट लावून वेल्डिंग केले तर उष्णतेने आटे वाकडे होत नाहीत. बॅटरीची वायर आधी सोडून ठेवावी. नळी पूर्ण थंड झाल्यावर सेन्सर हाताने आत फिरवून मग टॉर्क रेंचने ४० ते ६० न्यूटन-मीटरपर्यंत आवळावा. आट्यांवर लावलेली राखाडी पेस्ट नव्या सेन्सरवर आधीच असते. ती टोकावरच्या जाळीला लागू देऊ नये. गॅस्केटच्या जागी साधे सिलिकॉन सीलंट चोपडण्याची सवय इथे महागात पडते, कारण त्याच्या वाफेने सेन्सर कायमचा निकामी होतो. सेन्सरला चालणारे सीलंट वेगळे मिळते आणि त्याच्या वेष्टनावर तसे लिहिलेले असते.

आता खरी अडचण. अनेक नव्या गाड्यांत कॅट टर्बोला चिकटूनच असतो. ६० सेंमी दूरची गोष्ट, हाताचा तळवा मावेल एवढीही जागा दोघांमध्ये नसते. मग काही जण कॅट काढून टाकतात किंवा सेन्सर कॅटच्या मागे बसवतात. पहिला मार्ग प्रदूषणाचे नियम मोडणारा आहे आणि दुसरा आकडा बिघडवणारा, कारण कॅट स्वतः ऑक्सिजन साठवतो, वापरतो आणि वायूचे मिश्रण बदलून पुढे पाठवतो. अशा गाडीत कारखान्याच्या पुढच्या सेन्सरचेच आकडे ओबीडीतून घेणे हाच मार्ग मला योग्य वाटतो.

टर्बोच्या आधी किंवा सायलेन्सरच्या टोकाला का नको?

टर्बोच्या आधी, मॅनिफोल्डवर, म्हणजे सिलिंडरांचा वायू गोळा करणाऱ्या नळीवर, बसवला तर वायू लवकर पोहोचेल आणि उत्तरही लवकर मिळेल, असा युक्तिवाद अनेकदा ऐकू येतो. तिथे उष्णता जास्त असते हे एक कारण झाले. दुसरे कारण दाबाचे आहे. बूस्टवर टर्बाइनच्या आधीचा दाब बराच वाढतो. वाइडबँडच्या बारीक छिद्रातून किती वायू झिरपतो हे दाबावर अवलंबून असल्यामुळे आकडा फुगतो: रिच मिश्रण आहे त्यापेक्षा रिच दिसते, लीन आहे त्यापेक्षा लीन दिसते. फक्त लॅम्बडा १ पाशी दाबाचा परिणाम होत नाही. पूर्ण बूस्टवर ०.८५ असताना मीटर ०.८० दाखवू लागला, तर ट्यूनर निर्धास्त होऊन इंधन आणखी कमी करू शकतो. चूक धोक्याच्याच दिशेने होते.

सायलेन्सरच्या टोकाला चिमट्याने अडकवून मोजण्याची सोय डायनोवर, म्हणजे गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, वापरली जाते. तिथवर येताना वायू कॅटमधून गेलेला असतो, आणि कमी वेगात बाहेरची हवा नळीत उलटी शिरते. तात्पुरत्या अंदाजापुरते ते ठीक आहे, रोजच्या वापरासाठी नाही.

गळतीबद्दलही इथेच सांगायला हवे. सेन्सरच्या आधी फ्लँजच्या गॅस्केटमधून किंवा वेल्डमधून बारीक गळती असेल, तर वायू बाहेर जातोच, शिवाय एक्झॉस्टच्या धडधडीतल्या कमी दाबाच्या क्षणी बाहेरची हवा आत ओढली जाते. आयडलला आणि हलक्या भारावर आकडा विनाकारण लीन दिसतो. ट्यूनिंग सुरू करण्याआधी डाउनपाइपचे सगळे जोड तपासणे हे म्हणूनच पहिले काम.

वायरिंग: चूक दिसत नाही ती इथे

सेन्सरच्या हीटरला वीज इग्निशन चालू असतानाच मिळाली पाहिजे आणि ती फ्यूजसह, शक्यतो रिलेमार्फत द्यावी. मीटर नको म्हणून त्याचा फ्यूज काढून सेन्सर मात्र एक्झॉस्टमध्येच ठेवायचा, असे करू नये. हीटर बंद असलेल्या सेन्सरवर काजळी आणि तेलाचा थर बसतो, आणि हीटर पुन्हा चालू केल्यावर तो थर जळेलच याची खात्री नसते. सेन्सर वापरायचा नसेल तेव्हा तो काढून बंगमध्ये बूच लावावे.

आकडा ईसीयूला किंवा नोंदणी यंत्राला देताना जुनी पद्धत ० ते ५ व्होल्टच्या वायरची आहे. इनोव्हेटच्या मूळ मापात ० व्होल्ट म्हणजे ७.३५ आणि ५ व्होल्ट म्हणजे २२.३९ हवा-इंधन प्रमाण. याचा अर्थ ०.१ व्होल्टची चूक ०.३ एवढा फरक करते, म्हणजे लॅम्बडात सुमारे ०.०२. कंट्रोलरची अर्थ वायर बॉडीच्या एका बोल्टला आणि ईसीयूची दुसरीकडे असेल, तर हेडलाइट आणि पंखा चालू झाल्यावर एवढा फरक सहज पडतो. मीटरवर एक आकडा आणि लॅपटॉपवर दुसरा दिसू लागला, तर सेन्सरला दोष देण्याआधी अर्थिंग तपासावे. कॅन या डिजिटल जोडणीतून आकडा दिला की ही अडचण मुळातच राहत नाही, म्हणून ईसीयू स्वीकारत असेल तर कॅनलाच पसंती द्यावी.

सेन्सर लीन म्हणतो तेव्हा मिश्रण लीनच असते का?

नेहमी नाही. सेन्सर उरलेला ऑक्सिजन आणि उरलेले इंधन यांचा हिशेब मांडतो. सिलिंडरमध्ये काय घडले ते तो पाहत नाही. वाढलेल्या बूस्टमध्ये स्पार्क प्लगची ठिणगी विझली, तर मिश्रण न जळता बाहेर येते. त्यातला सगळा ऑक्सिजन सेन्सरला दिसतो, न जळलेले पेट्रोल मात्र त्याला पूर्ण पकडता येत नाही, आणि मीटर एकाएकी लीनकडे झेपावतो. हे पाहून इंधन वाढवले, तर जास्त रिच मिश्रणात ठिणगी आणखी विझते आणि मीटर आणखी लीन दाखवतो. आरपीएम वाढताना आकडा थरथरत लीनकडे जात असेल आणि गाडी झटके देत असेल, तर आधी प्लग बदलून त्यांच्या टोकांमधले अंतर कमी करून पाहावे.

थेट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनांत आणखी एक गुंता असतो. कमी आरपीएमवर इनटेक आणि एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह काही क्षण एकत्र उघडे ठेवून ताजी हवा सिलिंडरमधून आरपार सोडली जाते, म्हणजे टर्बो लवकर फिरतो. ही न वापरलेली हवा सेन्सरपर्यंत पोहोचते, त्यामुळे सिलिंडरमधले मिश्रण दिसते त्यापेक्षा रिच असते.

सगळ्यात कमी लक्षात येणारी मर्यादा सरासरीची आहे. चार सिलिंडरांचा वायू एकाच नळीत येतो. एका सिलिंडरचा इंजेक्टर चोंदून तिथे ८ टक्के इंधन कमी पडले, तर मीटरवर फक्त २ टक्के फरक दिसतो, आणि तो चालवताना कोणाच्याही लक्षात येत नाही. म्हणून बूस्ट वाढवण्याआधी इंजेक्टर काढून त्यांचा प्रवाह तपासून घेण्याचा खर्च वाचवू नये.

कायदा आणि आरटीओ

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने मुळात नमूद केलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात असलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. मोजणारा सेन्सर त्या तपशिलांना हात लावत नाही. त्याच्यासाठी कॅट काढणे किंवा इंजिनाची ठेवण बदलणे हा मात्र वेगळा विषय होतो. गाडी वॉरंटीत असेल तर वेल्डिंग करण्याआधी अटी वाचाव्यात, आणि बदलांची माहिती विमा कंपनीला लेखी द्यावी.

बसवल्यावर खात्री कशी करावी

सेन्सर झिजतो. शिसे असलेले रेसिंग इंधन, टर्बोच्या सीलमधून गळणारे तेल आणि हेड गॅस्केटमधून आत येणारे कूलंट त्याचे आयुष्य झपाट्याने घटवतात. तो अचानक बंद पडण्यापेक्षा हळूहळू मंद होतो, आणि चुकीचा आकडा ठामपणे दाखवत राहतो. म्हणून अधूनमधून तो तपासावा लागतो आणि त्याला कोणतेही यंत्र लागत नाही.

इंजिन पूर्ण गरम झाल्यावर मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये ३,००० आरपीएमच्या वर जाऊन ॲक्सिलरेटर पूर्ण सोडावा, क्लच दाबू नये. बहुतेक गाड्यांत अशा वेळी ईसीयू इंधन पूर्ण बंद करतो आणि एक्झॉस्टमधून फक्त हवा जाते. मीटरने दुसऱ्या क्षणी लीनच्या टोकाला जाऊन तिथेच थांबायला हवे. तो तिथवर पोहोचायला रेंगाळत असेल किंवा अलीकडेच अडत असेल, तर आधी गळती, मग अर्थिंग आणि शेवटी सेन्सर, या क्रमाने शोध घ्यावा. सेन्सर बदलला की पूर्ण बूस्टची नोंद पुन्हा घ्यावी आणि जुन्या नोंदीशी ताडून पाहावी. दोन्ही वेळा टाकीत एकाच प्रकारचे पेट्रोल असावे.